उरलेल्या पत्रिका

बाबांच्या छापखान्यात प्रत्येक लग्नाच्या
वीस-पंचवीस पत्रिका उरायच्या,
कुठे मुहूर्त चुकलेला, कुठे नवरदेवाचं आडनाव.
त्या मी कटिंगच्या पात्याखाली धरायची.
एका पत्रिकेची चार कार्डं.
कोऱ्या बाजूला खळीनं चेहरा चिकटवायचा,
खाली दोन बोटं जागा सहीला.

चेहरे म्हणजे हरभऱ्याएवढे.
पेपरात एकदाच आला होता फोटो,
नवजवान क्रीडा मंडळ, सावरखेडा,
सात जण आणि एक ढाल.
ढालीमागे फिरोजचा अर्धा गाल गेलेला.
दिग्रसचा संघ कितीही भारी असू दे,
मला हे सातच पाहिजे होते.

पहिली सही गुणवंता मेश्रामची.
चढाईवरून परतला होता, दम अजून घशात.
"कायले पायजे व तुले?"
मग तळहाताचा मुरूम चड्डीला पुसून
त्यानं बापाच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं,
परीक्षेच्या पेपरावर लिहितात तसं.
कार्ड उलटलं तर मागे : आहेर आणू नये.

अंबादास ढोरे जिनिंगमध्ये गाठी उचलायचा.
त्याच्या शाईत कापसाचा एक तंतू वाळलाय,
मागे कुणाचीतरी पुतणी अजून बोलावते,
आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं.
फिरोजनं उर्दूत केली.
मी म्हटलं, उलटीकडून लिहिलं.
"तुह्या बाजूनं उलटं," तो म्हणाला.
दोघा राठोडांनी एकमेकांच्या कार्डावर सह्या ठोकल्या,
मला कळायला आठवडा गेला.
चिंतामण लोखंडेची एसटीच्या खिडकीतून,
गाडी सुटली आणि त्याचा डे
कार्डाबाहेर, माझ्या अंगठ्यावर आला.

राहिला निळकंठ उईके. लेफ्ट कॉर्नर.
त्यानं घोटा धरला की समोरचा
तिथंच पेरल्यासारखा.
माझं कार्ड दिसलं की म्हणायचा, "उद्या."
आर्णीच्या सामन्यात उद्या,
महाशिवरात्रीला उद्या,
तान्ह्या पोळ्याला, लाकडी बैलांच्या गर्दीत,
हात वर करून लांबूनच, उद्या.
वर्गातला धनराज म्हणाला, "येत नसन त्याले."
मी त्याला दप्तर हाणलं,
कंपासपेटीसकट.

मग एका संध्याकाळी तो छापखान्याच्या दारात.
चपला हातात.
बाबा खिळे जुळवत होते.
बाबांनी काही विचारलं नाही,
फक्त खणांतून चार खिळे उचलून
त्याच्या तळहातावर ठेवले.
नि. ळ. कं. ठ.
"उलटे आहेत," मी मध्येच बोलले.
"मले तं दोन्हीकून सारखेच," तो म्हणाला
आणि हसला. मैदानावर कधी हसायचा नाही.

बाबा यंत्राकडे वळले तर,
"नाई. हातानंच."
शाई लावली. चारही खिळे चिमटीत घट्ट,
निसटतील, रेषा गाठतील, अशा बेतानं धरलेले,
आणि खांद्याचा सगळा भार टाकला.
टेबल करकरलं.
ळ जरा तिरपा पडला,
ठ चं पोट शाईनं भरून गेलं.
तो बराच वेळ बघत राहिला,
मग बोट न लावता विचारलं,
"याच्यात ठ कोनता?"

धनराज म्हणाला, ही काही सही नोहे, छापेल हाय.
दुसऱ्या दिवशी तोच
या एका कार्डासाठी ऐंशी गोट्या द्यायला तयार.

आता सगळं फ्लेक्सवर होतं.
खिळे बाबांनी किलोच्या भावानं दिले.
गुणवंता पतसंस्थेत सचिव आहे,
माझ्या पावतीवर त्यानं परवा सही केली,
एक रेघ आणि दोन टिंबं.
ओळखलं नाही त्यानं. मीही काही बोलले नाही.

घरी येऊन डबा काढला.
निळकंठचं कार्ड उलटं करून
बोट फिरवलं, दिवा न लावता.
चार अक्षरं कागद ढकलून अजून वर आलेली आहेत,
आणि त्यांच्यावरून गेलेली ती ओळ, जिच्यापायी
ती सगळी पत्रिका वाया गेली होती :
रविवार, दि. ३१ एप्रिल,
गोरज मुहूर्तावर.