वळसा

गाठ होती उजव्या जबड्याखाली, बोराएवढी.
अकरा वर्षं रोज सकाळी वस्तरा तिथवर यायचा
आणि धुऱ्यापाशी बैल वळावा तसा वळायचा.
हाताला सवय. मला तिची आठवणसुद्धा नसायची.
पोळा झाला आणि ती ठणकू लागली.

तालुक्याच्या दवाखान्यात उईके मॅडमनी
दोन बोटांत धरली, लिंबू निवडावं तशी.
"काढून टाकू. तेवढ्याच जागेला भूल.
रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?
साखर? खर्रा?"
दोनदा मान हलवली.
तिसऱ्याला खिशातली पन्नी चुरचुरली.
"तो आजपासून बंद. जखम लवकर भरत नाही त्यानं.
आणि घरून दाढी करून यायचं नाही.
वस्तऱ्याचे ओरखडे दिसत नाहीत,
पण पू तिथूनच धरतो."

मला सांगत होत्या. मला.
कागदावर धंद्याची जागा अजून कोरी होती.

दहा दिवस दाढी वाढली.
दुकानात बाकावरून कुणीतरी म्हणालं,
"नत्थूजी, भगत झाले का काय बाप्पा?"
खर्र्याऐवजी बडीशेप चघळत मी
दुसऱ्यांचे गाल गुळगुळीत करत राहिलो.

टेबलावर निजवलं. भोक पाडलेलं हिरवं कापड तोंडावर.
"डोकं जरा डावीकडे. असंच राहा."
हे वाक्य माझं आहे.
अख्ख्या गावाच्या माना मी यानंच वळवल्यात.
मुंगळा डसला, मग काहीच नाही,
फक्त शेजारच्या घरात कुणी
कणगी सरकवत असल्यासारखी ओढ.
पाच टाके.
बाटलीत खोबऱ्याच्या कपटीसारखं काही तरंगत होतं.
"वर्ध्याला पाठवतो तपासायला. घाबरू नका, सगळ्यांचंच पाठवतो."
घाबरलो.

वहिनी हळद घेऊन आली, सखारामबुवा राख.
गिरजानं दारातच कागद वाचून दाखवला:
दोन दिवस पाणी नाही, काही चोपडायचं नाही,
उशा दोन, वजन उचलायचं नाही.
भाकर वरणात भिजवून, डाव्या दाढेनं.
हसलो की टाके ओढत,
आणि नेमका त्याच आठवड्यात
रजनीचा पोरगा बोलायला शिकला.

रात्री झोप येईना, तेव्हा मी वण मोजले.
गावातले सगळे मला पाठ आहेत.
मोरेश्वरच्या भिवईत थ्रेशरचा पट्टा,
कोतवालाच्या कानामागे देवीच्या जत्रेतली बाटली.
प्रत्येकाला वळसा घातला, कधी विचारलं नाही.
आणि ढवळे गुरुजींच्या वरच्या ओठावरचा तो खाचा
माझाच. अठ्ठ्याण्णवची दिवाळी, गर्दी, बोथट पातं.
तुरटी दाबून धरली होती.
ते काही बोलले नव्हते.

सातव्या दिवशी टाके निघाले.
आठवडा गेला, कागद आला: साधी गाठ.
गिरजानं पायली तांदूळ मारुतीला दिले, मला न सांगता.

"आता खरं काम तुमचं," मॅडम म्हणाल्या.
व्हॅसलीन लावायचं. तीन आठवड्यांनी
अंगठ्यानं गोल, हळू, दाबून, दिवसातून दोनदा.
ऊन टाळायचं, नाहीतर वण काळा पडतो.
वर्ष लागेल फिका पडायला.
आमच्याकडे ऊन टाळायचं!
सायकलवर दुपट्टा गुंडाळून जातो,
तर लोक म्हणतात, नत्थूजी, उधारी चुकवता का काय?
वण गुलाबी, उंदराच्या शेपटीसारखा.
संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून
अंगठा फिरवत राहतो.
खर्रा घोटायचा हाच अंगठा.

पहिली दाढी रजनीनं केली, पार्लरच्या कात्रीनं,
श्वास धरून. वणापाशी थांबली.
"दुखतं, बाबा?"
एवढं कुणी मला खुर्चीत विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. फेस लावला,
ओठाशी हात थांबला.
"गुरुजी, दुखते का हे कधी?"
आरशात त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.
"थंडीत खाजते जराशी."
"अंगठ्यानं चोळत जा. गोल, हळू."
"आता, लेका? पंचवीस वर्षांनी?"
हसले, ओठ हलला,
आणि मी वस्तरा बाजूला धरून
त्यांचं हसणं संपायची वाट पाहिली.