सैतानाचं नाक

प्लझेनला, नदीलगतच्या तळघरात
कळसूत्री बाहुल्या कोरणाऱ्या द्राहोमीरानं
आज पटाश्या लावल्या उंचीनं,
कवायतीला उभ्या केल्यासारख्या.
खिळ्यांच्या बरण्यांना चिठ्ठ्या,
काचेच्या डोळ्यांना रंगवार खण,
भिंतीवर यादी:
राणीचा गुडघा. वाघाचे दोरे.
सैतान, शुक्रवारच्या आत.
झाडून केव्हाच झालेलं,
तरी ‘झाडणं’ लिहिलं, लगेच खोडलं.
बरं वाटलं.

अंधारलं, तरी लिंडनच्या लाकडातला सैतान
तसाच, बिननाकाचा.
पटाशीकडे हात गेला, थबकला.
रांग मोडवेना.

मग बटाटे सोलायची सुरी.

पहाटे ढलप्याच ढलप्या,
आता शिंकेल असं नाक,
आणि एक हिरवा डोळा कुठं घरंगळला
कुणास ठाऊक.
तिनं यादीत लिहिलं: नाक.
सुरीच्या टोकानंच खोडलं.