डावा कान

फोटोत दोन्ही कान दिसायला हवेत,
कॅम्पातला स्टुडिओवाला म्हणाला,
मग गप्प झाला.
डावा माझा कधीच मिटलाय,
शिळ्या करंजीसारखा.
वस्ताद त्याला दागिना म्हणतात.

विमाननगरच्या काउंटरवर बाई
फाईल उलटत राहिल्या :
फेडरेशनचं पत्र,
पप्पांचं पासबुक, डेअरीच्या शिक्क्याचं.
मुक्काम अकरा दिवस.
वजन कुठेच विचारलेलं नाही,
मी मात्र सकाळपासून उपाशी,
सवयीनं.

परत येण्याचं कारण?

भोसरीच्या तालमीतली माती, मी म्हटलं.
पंधरवड्याला खणायची असते,
ताक, हळद, तेल घालून.
सव्वीसला नंबर माझा.

पुरावा?

मी नखं पुढे केली.
बाईंनी टिश्यूचा डबा सरकवला :
बोटं पुसून घ्या आधी,
काचेवर ठेवायचीत.