कावळ्यांचा तक्ता

खैरनार सरांचा ताणकाटा मी अठरा वर्षं वाहिला.
पेठ, हरसूल, सुरगाणा. एसटीच्या टपावर सायकल,
सायकलला काटा, काट्याला जे सापडेल ते:
मोळी, नागलीचं पोतं, भरलेला हंडा,
एकदा तर माझी धाकटी बहीण.
ती झोळीत हसत होती
आणि सर म्हणत होते, "हलू नकोस. साडेअकरा."

सरांचं म्हणणं थोडक्यात असं, की देव चुलीवरून येतो.
आधी बघा काय शिजतं, किती माणसांत,
सरपण किती लांबून,
मग सांगा कुठला सण कुठल्या महिन्यात.
सोवळंसुद्धा त्यांनी घागरींत मोजलं
आणि त्या घागरी कोण भरतं ते समासात लिहिलं.
नाशकातल्या सभांत लोक चिडायचे.
सर चष्मा पुसत बसायचे.

आमच्या पाड्यावर डोंगऱ्या देव होता तेव्हा म्हणाले,
"भोये, हा मार्गशीर्षातच का?
नागली कणगीत गेली म्हणून. आषाढात नाचून दाखवा."
माझ्या बापाच्या अंगातलं वारं नुकतं उतरलं होतं.
घाम पुसत तो म्हणाला,
"उपाशी नाचत नाही, खरंय मास्तर.
पण पोट भरलं की माणूस निजतो.
मग नाचतो तो कोण?"
सरांनी ते वहीत घेतलं. पुढे लिहिलं: तपासणे.

नंतर गुडघे गेले, डोंगर सुटले,
सर रामकुंडावर येऊन बसू लागले.
दोरीला चुंबक बांधून पोरं नाणी काढायची,
त्यांची रोजची कमाई लिहून घ्यायचे, बदल्यात भेळ.
मग कावळे.
तक्ता केला: वेळ, पिंड, कावळे, मिनिटं.
सकाळी सात: तीन मिनिटं.
नऊ: अकरा.
बारा: चाळीस, पन्नास, नाहीतर दर्भाचा कावळा.
"मेलेल्याची इच्छा वगैरे नाही, भोये.
बाराला कावळ्याचं पोट भरलेलं असतं.
आणि दूर खेड्यातून पहिल्या एसटीनं निघालेला माणूस
पोचतोच बाराला.
म्हणून गरिबाच्याच बापाच्या इच्छा राहतात."
हे सांगताना आवाज चिरकला.
त्याला रकाना नव्हता.

सर फाल्गुनात गेले.
क्रियाकर्म नको, असं कागदावर होतं.
उल्काताई म्हणाली, कागद बाबांचा, दिवस माझे.
गुरुजींनी साडेअकराची वेळ दिली.
मी म्हटलं, सात.
का, ते सांगितलं नाही.

पायरी गार होती. पिंड ठेवला
आणि हात जोडायच्या आत एक आला,
मान वाकडी करून बघितलं, शिवला.
चोचीला दही. अर्धं मिनिटसुद्धा नाही.
"काही राहिलं नव्हतं त्यांचं," गुरुजी म्हणाले.
ताई रडली, मग हलकी झाली, चहा कुठे मिळेल विचारलं.

तक्ता बरोबर निघाला.
खिशातल्या पेन्सिलीवर हात ठेवून
मी त्या कावळ्यावर रागावलो.
जरा थांबला असता, मान फिरवली असती,
तर रीतीप्रमाणे कुणीतरी काहीतरी कबूल केलं असतं.
मी करणार होतो. सर, ते बापाचं राहिलंय,
तपासतो मी.
म्हणायला तोंड उघडलं,
तोवर तो पलीकडच्या पिंडावर.