पॉइंट चार-पाच-पाच

नलूताई धैर्यवान ठाकुरद्वारहून टॅक्सीनं आल्या.
पावाच्या पिशवीत वडिलांचं रिव्हॉल्वर,
लायसन, मृत्यूचा दाखला,
आणि काखेत गुंडाळलेलं अस्वल.
टॅक्सीवाल्याला ती सतरंजी वाटली.

मोदी स्ट्रीटवर दुपारी दुकानात मी एकटाच.
बंदुका आता कोण घेतो?
एअरगनचे छर्रे जातात, कबुतरांसाठी.

वेब्ली. हातात घेतली की मनगट खाली जातं,
वरवंटा उचलल्यासारखं.
दर दिवाळीआधी मीच तेल घालायचो,
आणि दर दिवाळीआधी धैर्यवान या स्टुलावर बसून
डांगातलं ते अस्वल पुन्हा मारायचे.

हाकेवाले झाडावर, रायफल जीपमध्ये.
अस्वल दोन पायांवर उठायचं, दर साली थोडं उंच.
आधी पंधरा पावलांवर, मग आठ,
मग "हात लांब केला असता तर केस लागले असते."
छातीवर पांढरी चंद्रकोर,
तिच्या बरोब्बर मधोमध एकच गोळी.
"रायफलनं लांबून कुणीही मारतो रे.
हिच्यासाठी जवळ जावं लागतं."
हे वाक्य मी पुढे तीन गिऱ्हाइकांना
माझं म्हणून ऐकवलं.
पेणच्या एका वीटभट्टीवाल्यानं त्यावर रिव्हॉल्वर घेतलंही.

नलूताईंनी काउंटरवर कातडं पसरलं.
डांबरगोळ्यांचा वास, कडेला कसर,
दोन नखं भाच्यांनी कधीतरी उपटलेली.
मी सवयीनं भोक शोधलं.

चंद्रकोर शाबूत.
एक टाकासुद्धा नाही.

उलटं केलं.
मानेवर, कानाच्या मागे,
अंगठा जाईल एवढं भोक,
आणि भोवतीचे केस जळून आखूड.

म्हणजे फार जवळून.
म्हणजे ते वाकलेलं, वारुळात तोंड घालून,
नाहीतर मोह खाऊन पडलेलं.
जवळ गेले होते, तेवढं खरं.

"काय बघताय?"
"कसर," म्हटलं. "हे विकता येत नाही, ताई.
वनखात्याला कळवा.
हत्यार व्ही. पी. रोड ठाण्यात जमा करा,
पावती घ्यायला विसरू नका."

त्या बसून राहिल्या. चहा सांगितला, तो गार झाला.
"शेवटी शेवटी बाबा झोपेत ओरडायचे," म्हणाल्या.
"उठलं, उठलं म्हणून.
आम्ही दिवा लावला
की माझ्या हाताकडे बघत राहायचे."

मी कातडं गुंडाळलं.
मान आत, चंद्रकोर बाहेर.
सुतळी दोनदा बांधली.