एकूण एकेचाळीस

डोईजोडे सरांचा मुलगा चार स्केचबुकं घेऊन आला,
पिशवीत, वर मेथीची जुडी.
म्हणाला, बरी असतील तेवढी कापून घ्या,
पस्तीसेक फ्रेमा करा, शाळेच्या हॉलात लावायच्यात.
आणि कोरी पानं?
राहू द्या. पोरीला गणितं करायला होतील.

दुपारी उदगीरच्या चौकात गिऱ्हाईक नसतं.
मी पानं उलटत बसलो.
किल्ल्याचा बुरूज. बुरुजावर शेळी.
मोंढ्यातली मिरची, नुसत्या शिसानं काढलेली,
तरी नाकाला झोंबली.
मग कोरं.
देवणी वळू, वशिंडावर कावळा.
मग कोरं, कोरं, कोरं.

मोजली. एकेचाळीस.
प्रत्येकावर खाली, डावीकडं, बारीक अक्षरात
जागा, वार, आणि किती वेळ बसलो ते.
तिरू धरण, सोमवार, सव्वादोन तास.
सरकारी दवाखाना, व्हरांडा, शनिवार, रात्रभर.
रात्रभर बसून माणूस एक रेघ मारत नाही?

उजेडाला तिरकं धरलं
तर आधल्या पानाचा दाब उमटलेला:
शेळीचे चार पाय, वर शेळी नाही.
शिवणीत ज्वारीचं कुसळ.
शेंगदाण्याच्या चटणीचं तेल,
त्यातून पलीकडचा बुरूज दिसतो.

एकावर लिहिलेलं: खैरुनबी, बांगड्यावाली, गुरुवार, तीन तास.
ती समोरच बसते. पान नेऊन दाखवलं.
वाचता येत नाही तिला,
पण कोरं बघूनच ओळखलं.
"यहीच है. मेराच है."
भाऊ गेला होता तिचा बिदरला, त्याच आठवड्यात.
ती बोलत गेली, सर ऐकत गेले,
पेन्सिलीचं टोक होतं तसं राहिलं.
"सब लोगां आते, कुछ तो भी लेके जाते.
उनों मेरा मेरे पासच छोड़े."
पान परत मागायला जीभ वळली नाही.
तिनं ते खोक्यात ठेवलं,
हिरव्या बांगड्यांच्या खाली.

रात्री, शटर ओढायच्या आधी, शेवटची वही.
नागभूषण फ्रेम्स, काच कापताना, बुधवार.
पुढं वेळ लिहायची जागा. तीही रिकामी.
म्हणजे मी.

आठवेना.
पान नाकाशी नेलं. रॉकेल.
कटरची चाकी बुडवतो ते.
की माझ्याच बोटांचा वास असेल, कोण जाणे.
पण कोपऱ्यात अंगठ्याएवढा डाग आहे,
आणि अंगठा माझा नाही, माझा रुंद आहे.

त्या दिवशी पोऱ्या आला नव्हता.
सहा फुटी काच, बँकेची ऑर्डर, मी एकटा,
सर स्टुलावर, वही मांडीवर.
मी म्हणालोसुद्धा, सर, केस थोडे जास्त दाखवा.
हसले.
तेवढ्यात काच लवली, मधोमध,
लवते तेव्हा आवाज करत नाही, नुसती थरथरते.
त्यांनी पेन्सिल कानामागं खोचली,
उठले,
दुसरं टोक धरलं.

मुलाला पस्तीस फ्रेमांचं बिल केलं.
कोरी पानं सुतळीनं बांधून वेगळी दिली.
पोरीला निरोप: डावीकडं खाली लिहिलंय
तेवढ्या जागेवर आकडे मांडू नको.
त्यानं मोजली नाहीत.
एकोणचाळीस होती.