उसवण

कुरियरवाल्याचा फोन: "ताई, गल्ली सापडेना गेली,
तुम्हीच या बसस्टँडवर."
अर्धी बाही मशीनवर तशीच ठेवून गेले.
खोका हलवला तर आत काहीतरी खडखडलं,
सुपातल्या करडईसारखं.

विनूमामानं पुण्यातून लावून दिलंय,
महिन्याला एक, सहा महिने,
भाचीच्या आठव्या वाढदिवसाचं.
किंमत छापलेली होती. मी मनात हिशेब केला:
अकरा साड्यांचं फॉल-पिको.

दुर्वानं चिकटपट्टी नखानं सोडवली, एका टोकाकडून,
फाटू न देता, आणि दंडाला लावून घेतली.
आत फेल्टचे तुकडे, कापूस, बोथट सुई,
आधीच पाडलेली भोकं,
आणि कागद: यातून घुबड तयार होईल.
डिंकाची कांडी वाटेतच पातळ झालेली.
सेलूचा एप्रिल, तिला कोण सावलीत ठेवणार?
डोळा एकच निघाला.
खोका उपडा केला, झटकला. एकच.

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत:
मोठ्यांनी हात लावू नये. चुकीचं असं काही नसतं.
मला हसू आलं.
छत्तीसचं पस्तीस झालं
तर तांबारेमॅडम दारातच पिशवीतून ब्लाऊज काढतात
आणि शेजारच्या किराणा दुकानाला ऐकू जाईल
असं बोलतात.
माझ्या बोटांना अंधारातही पाव इंच कळतो.

ती फरशीवर पाय पसरून बसली.
एक टाका लांब, एक आखूड,
एक भोक सोडून भलत्याच भोकात.
पंख उलटा लागला.
"अगं, असं काय करायलीस?"
"उडायलंय ते," ती म्हणाली, वर न बघता.
दुसऱ्या डोळ्यासाठी माझा गुंड्यांचा डबा उपसला,
शंभर रंगांतून निवडली
बाबांच्या कंडक्टरच्या शर्टाची, खाकी, चार भोकांची.

रात्री अकराला लाईट आली.
ती झोपलेली. घुबड मशीनवर,
एका डोळ्यानं माझ्याकडे बघत,
दुसऱ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.
फक्त पंख सरळ करावा म्हटलं.
मग पंखाजवळचा टाका खुपला.
मग त्याच्या शेजारचा.
मला उसवायला वेळ लागत नाही.
बारा वाजता घुबड
दुकानात मिळतं तसं झालं होतं.

सकाळी तिनं ते हातात घेतलं,
उलटं केलं, दोऱ्याची गाठ बघितली.
"हे माझं नाही."
रडली असती तर जवळ घेता आलं असतं.
तिनं माझी दोरे तोडायची छोटी कात्री घेतली
आणि शाळेची रिक्षा येईपर्यंत
उंबऱ्यावर बसून एकेक टाका काढला.
कापूस मांडीवर पडत राहिला.
माझी तव्यावरची भाकरी करपली,
वास आला तरी मी तिकडेच बघत होते.

संध्याकाळी तिनं परत शिवायला घेतलं.
तसं नाही आलं.
"पहिल्यासारखं वाकडं येईना गेलं," म्हणाली,
आणि ते तिनं मला दोष देऊन नाही, नुसतंच सांगितलं,
दोरा संपला म्हणून सांगतात तसं.

आता ते मशीनच्या वर खिळ्याला आहे.
पंखात एक भोक जास्तीचं.
परवा माप देताना तांबारेमॅडम मान वर करून म्हणाल्या,
"हे काही तुझ्या हातचं दिसत नाही."
"नाही," म्हणाले,
आणि टेपवरचा आकडा विसरले,
त्यांचा खांदा परत मोजला.

आज पुन्हा फोन: "ताई, बसस्टँडवर."
दुर्वा सोबत आली.
खोका तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला,
रसवंतीपाशी थांबली, तरी खाली ठेवला नाही.
"मी नुसती सुई ओवून देईन," म्हणाले.
तिनं ग्लासातला बर्फ चावला,
तो पूर्ण विरघळेपर्यंत विचार केला.
"ओवून दे," म्हणाली,
"गाठ मी मारीन."